निळ्या कोटातली बाई

अण्णांना स्वतःच्या गावच्या निवडणुकीत तोंड उघडायची बंदी होती, म्हणून ते दुसऱ्या देशांच्या निवडणुका बघायचे. ते प्राथमिक शाळेत गुरुजी. सरकारी नोकराने प्रचार करायचा नाही, कुणाच्या बैठकीत बसायचं नाही असा नियम, आणि अण्णा नियमाला इतके धरून असायचे की निवडणुकीच्या दिवसांत ते कपबशीतून चहासुद्धा प्यायचे नाहीत. कपबशी ही कुणाची तरी निशाणी असायचीच. ते पेल्यातून प्यायचे. पण राजकारणाची हौस काही पेल्यात मावत नाही. ती ते रेडिओवर भागवायचे, आणि गावात रशीदमामूंनी डिश बसवल्यावर टीव्हीवर. कुठल्या बेटावर कोण पंतप्रधान झालं हे आमच्या वडिलांना माहीत असायचं. घरातलं तेल संपलंय हे मात्र तीनदा सांगावं लागायचं.

रशीदमामू आमच्या गल्लीच्या टोकाला राहायचे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचा त्यांचा धंदा. दारात नेहमी तांब्याच्या तारेची भेंडोळी आणि वॉर्निशचा वास. डिश त्यांनी जोडधंदा म्हणून घेतली आणि गावातल्या तीस-चाळीस घरांत वायर ओढली. पण इंग्रजी बातम्यांचं चॅनल त्यांनी फक्त स्वतःच्या घरी ठेवलं होतं, कारण अण्णा सोडले तर त्याला गिऱ्हाईकच नव्हतं. मामूंना इंग्रजी येत नव्हतं. अण्णांना वाचता यायचं, पण ऐकून समजायचं नाही. त्यामुळे परदेशी निकाल असला की मला बोलावणं यायचं. मी तेव्हा बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत बसले होते आणि माझं इंग्रजी बरं होतं, म्हणजे आमच्या गावाच्या मानाने बरं. दोघं आधी पैज लावायचे. हरणाऱ्याने शेरभर भाजक्या शेंगा द्यायच्या. ज्या देशाचा नकाशा दोघांनी कधी नीट पाहिला नव्हता, त्या देशाच्या गादीवरून दोन मोठी माणसं भांडायची.

त्या उन्हाळ्यात मात्र निवडणूक आमच्याच घरात शिरली. ग्रामपंचायतीत आमच्या वॉर्डाची एक जागा बायांसाठी राखीव झाली. समोरच्या पॅनलने शेषेरावांच्या बायकोला, कौसाबाईंना उभं केलं. शेषेराव म्हणजे आमच्या तात्यांचे व्याही. आमच्याकडे इवाई म्हणतात, आणि विहिणीला इहीन. तात्या हे अण्णांचे थोरले भाऊ, आमच्या घरातले कर्ते. त्यांची लेक सुमनअक्का शेषेरावांच्या घरात सून म्हणून दिलेली, गावातल्या गावात, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पोरीच्या सासूसमोर आपली बायको उभी करायला तात्या तयार नव्हते. आणि जागा तशीच सोडली तर त्यांच्या पॅनलची माणसं त्यांना जगू देणार नव्हती. मग त्यांनी मधली वाट काढली. एके दिवशी जेवता जेवता ते आईकडे न बघता म्हणाले, "रुक्मिणीचा फॉर्म भरून टाकू. उभं ऱ्हायल्यासारखं व्हईल." त्याचा अर्थ घरात सगळ्यांना कळला. पडायलाच उभी करायची होती.

आई चौथी शिकलेली. थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी, त्यांच्याशी बोलायचं तर दाराआडून बोलणारी. तिने फॉर्मवर सही केली. पण दुसऱ्या दिवसापासून भाकरी उरकल्या की ती बाहेर पडायला लागली. एकटीच. हातात हळदीकुंकवाची कोयरी, काखेत पिशवी. तात्यांना वाटलं, रीत म्हणून फिरतेय. ती घरटी जाऊन एकच गोष्ट सांगत होती. आमच्या गल्लीच्या आणि शाळेच्या मध्ये ओढा आहे. पावसाळ्यात चार-चार दिवस पोरं शाळेत जाऊ शकत नसत. मी स्वतः सातवीत असताना एका पावसाळ्यात एकवीस दिवस घरी बसले होते. "वड्यावर सिमेटाच्या नळ्या टाकून रस्ता करून घेते," एवढंच ती म्हणायची. पुढे काही नाही. आणि घरी येऊन चुलीच्या बाजूला, भिंतीवर कोळशाने रेघ ओढायची. ज्या घराची तिला खात्री, त्या घरातली मतं तेवढ्या रेघा. मतदान झालं त्या दिवशी भिंतीवर एकशे एकसष्ट रेघा होत्या. त्या पुसू नका असं तिने सगळ्यांना बजावलं.

इथे कडब्याचं सांगायला हवं. आमच्याकडे ज्वारी काढली की कडब्याच्या पेंढ्या बांधतात आणि शेकड्याने विकतात. पेंढी रचायची तर सगळे बुडखे एका बाजूला, सगळे शेंडे दुसऱ्या बाजूला. आईची नजर त्यात पक्की होती. गंजीभोवती एक चक्कर मारून ती सांगायची, अकराशे आहेत. मोजल्यावर अकराशे चार निघायच्या. आणि हजार पेंढ्यांत एखादी उलटी लागली असेल तर ती लांबून ओळखायची. "ती बघ, तोंड फिरवून बसलीय," म्हणायची. व्यापारी आमच्या दारात आला की अण्णा घरात जाऊन बसायचे आणि आई बाहेर यायची.

मतदान झालं आणि मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी, तालुक्याला, तहसील कचेरीत. मोजणीला जाणार तात्या, आईचे प्रतिनिधी म्हणून. समोरून शेषेराव. बाया उमेदवार असल्या तरी मोजणीला जायच्या नाहीत, अशीच पद्धत. नवरे, दीर, भाऊ जायचे. गुलालही त्यांच्याच अंगावर पडायचा. बाई घरी, दारात उभी. कुणीतरी मोटारसायकलवर ओरडत यायचं, तेव्हा तिला कळायचं आपण निवडून आलो का पडलो.

नेमकी तीच रात्र इंग्लंडच्या निकालाची होती. योगायोग म्हणायचा तर म्हणा, पण अण्णा आणि मामूंचं सगळं तसंच असायचं. जगात कुठे ना कुठे मोजणी चालूच असते. घरात कुणाला झोप येणार नव्हतीच. मामूंनी टीव्ही अंगणात लिंबाखाली आणून मांडला. बाज टाकली, सतरंजी अंथरली. मामूंच्या बायकोने, हाजराखालाने, काळा चहा करून ठेवला, कारण दूध संपलं होतं. आई धपाट्यांची चवड आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आली. ती द्यायला आली होती, बसायला नाही. खालाने तिचा हात धरून तिला सतरंजीवर बसवलं. "बैठो ना भाबी. घर जाके छप्परच देखना हय ना?" आई टीव्हीकडे पाठ करून बसली आणि खालासोबत चिंचा फोडायला लागली. चिंचोके ताटलीत पडायचा टक् टक् आवाज, लांब कुठे कुत्रं, आणि टीव्हीवर इंग्रजीत बडबड.

त्यांच्याकडचं मतदान संपलं तेव्हा आपल्याकडे अडीच वाजले होते. मला पहिलं आश्चर्य वाटलं ते हे की तिथे मोजणी लगेच, त्याच रात्री. पोरं-पोरी पेट्या हातात घेऊन पळत पळत हॉलमध्ये येत होती. लांबलचक टेबलं, त्यांवर बाया आणि माणसं बोटांनी कागद सरकवत होती. आपल्या बँकेतल्यासारखी. मी सांगत होते, अण्णा वहीत लिहीत होते, मामू धपाटं खात आपली बाजू जिंकतेय म्हणून खूश होत होते. त्यांनी लाल फुलावर पैज लावलेली होती. तिथल्या उमेदवारांच्या छातीवर रंगीत फितींचं मोठं फूल असायचं, आपल्याकडे नवरदेवाला लावतात तसं. अण्णांची पैज निळ्या फुलावर.

मग निकाल वाचायला सुरुवात झाली. सगळे उमेदवार स्टेजवर एका रांगेत उभे. हरणारे, जिंकणारे, सगळे. साहेब एकेकाचं नाव घेऊन आकडा वाचतो आणि ते ऐकत उभे राहतात. त्यातला एकजण डोक्यावर हातभर उंच टोपी आणि अंगात पिवळा झगा घालून आला होता. चिंचेचं बोटूक हातात धरून आईने मान वळवली.

"ह्यो बहुरूपी कावून उभा ऱ्हायलाय तिथं?"

"तो पण उमेदवार आहे," मी म्हणाले.

"त्याला पडली का मतं?"

"दोनशे बारा."

"आन् तरी उभा हाय?" आईने बोटूक ताटलीत टाकलं आणि टीव्हीकडे तोंड करून बसली. ती पहाटेपर्यंत तशीच बसली.

पहाटे चारच्या सुमारास एका गावचा निकाल लागेना. मला गावाचं नाव आठवत नाही आणि आठवलं असतं तरी उच्चारता आलं नसतं. तिथे एक बाई उभी होती. निळा कोट, पांढरे आखूड केस, आईच्याच वयाची. ती अगदी थोड्या मतांनी मागे पडली होती. तिने पुन्हा मोजायला सांगितलं. मी हे मराठीत सांगितलं तशी आई म्हणाली, "कुनाला सांगितलं?"

"साहेबाला. तिचा हक्क आहे तो."

"आन् समोरचा? त्याला राग न्हाई आला?"

टीव्हीवर त्याच वेळी दाखवत होते. समोरचा उमेदवार, लाल फूलवाला, कागदी कपातून चहा पीत होता. दुसरा कप त्याने त्या निळ्या कोटवाल्या बाईच्या हातात दिला. दोघं काहीतरी बोलून हसले आणि परत टेबलाकडे बघत उभे राहिले. मामू बाजेवर उठून बसले. "दुश्मनला च्या देतो बे ह्यो!"

"तिचा नवरा कुटाय?" आईने विचारलं.

मी शोधलं. बाईच्या मागे एक टक्कल पडलेला माणूस उभा होता. "तो असेल. मागं उभाय. तिची पर्स धरून."

खाला इतकी हसली की तिला ठसका लागला. मामूंनी अण्णांच्या पाठीत थाप मारली. "गुर्जी, शिका काहीतरी." अण्णा चष्मा पुसायला लागले. आई मात्र हसली नाही. ती अण्णांकडे वळली. अण्णा दर निवडणुकीत दुसऱ्या गावांना मतदान अधिकारी म्हणून जायचे, नियमाचं पुस्तक त्यांना पाठ होतं.

"आपल्याकडं बाईला आत बसता येतं का मोजनीला?"

अण्णा म्हणाले, "उमेदवाराला कुणाची परवानगी लागत न्हाई. नियमच हाय."

"आन् परत मोजायला सांगता येतं का?"

"निकाल जाहीर व्हायच्या आधी. लेखी अर्ज द्यावा लागतो, कारण लिहून." एवढं बोलून अण्णा दचकले, जणू आपण प्रचार केला. "मी फक्त नियम सांगितला हां," ते मामूंना म्हणाले.

टीव्हीवर फेरमोजणी चालू असतानाच लाइट गेली. चिंचोक्यांचा ढीग, चार कप आणि आम्ही, अंधारात. त्या बाईचं काय झालं ते कळलं नाही. आई उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "मी जाणार हाय तालुक्याला."

सकाळी तात्या तयार होऊन ओट्यावर आले तेव्हा आई चप्पल घालत होती. तात्यांना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ते अण्णांना म्हणाले, "हिला सांग, तिथं सगळे मानसं असत्यात." अण्णा म्हणाले, "मला ह्या विषयावर बोलता येत न्हाई, तात्या. मी सरकारी नोकर." आयुष्यात पहिल्यांदा त्या नियमाचा आईला उपयोग झाला. बस थांब्यापर्यंत अण्णा आमच्यासोबत आले. आईची कापडी पिशवी त्यांच्या हातात होती. पारावरच्या माणसांनी ती बघितली. अण्णांनी ती दुसऱ्या हातात घेतली, पण खाली ठेवली नाही.

मला आत जाता येणार नव्हतं. मी कचेरीच्या व्हरांड्यात, मोजणीच्या खोलीच्या खिडकीचे गज धरून उभी राहिले. माझ्यामागे आमच्या गावची वीस-पंचवीस माणसं. खोलीत साहेब, दोन कारकून, एक टेबल. एका बाजूला शेषेराव, एका बाजूला तात्या, आणि तात्यांच्या मागे तीन हातांवर भिंतीला टेकून आई, पदर कपाळापर्यंत ओढलेला. त्या खोलीत ती एकटीच बाई. शेषेरावांनी तिला बघून हात जोडले. "इहीनबाई, तुमी कावून तरास घेतलाव?" आईने मान हलवली, एवढंच.

आमच्या वॉर्डाची पेटी फोडली. मतपत्रिकेवर वर छत्री, कौसाबाईंची. खाली कपबशी, आईची. कारकून एकेक कागद उघडून वेगळा करत होता, पंचवीसचा गठ्ठा झाला की रबर लावून, कागद पालथे करून, टेबलावर ओळीने मांडत होता. तात्यांनी या सगळ्याकडे बघायला हवं होतं. प्रतिनिधी त्यासाठीच असतो. पण तात्या छताकडे बघत होते, शेषेराव खिडकीकडे. हे मला तेव्हा विचित्र वाटलं, आज नाही वाटत. आमच्याकडे लग्नात इवायाने जे आणून ठेवलं ते त्याच्यासमोर मोजायचं नसतं. साड्या असोत, भांडी असोत, लाडू असोत. मोजलं म्हणजे तू चोर आहेस असं म्हटलं. मोजणीच्या टेबलावर एका बाजूला लेकीचा बाप, एका बाजूला लेकीचा सासरा. दोघंही एकमेकांचा मान राखत होते, आणि मतांकडे कुणीच बघत नव्हतं.

छत्रीचे सहा गठ्ठे आणि सुटे एकवीस. कपबशीचे पाच गठ्ठे आणि सुटे नऊ. साहेबांनी आकडे लिहिले. एकशे एकाहत्तर आणि एकशे चौतीस. कागद पुढे सरकवला. शेषेरावांनी सही केली, तात्यांनी सही केली. माझ्या मागच्या माणसांतून कुणीतरी बाहेर पळालं आणि मैदानात फटाके वाजायला लागले. एकाने आत घुसून शेषेरावांच्या डोक्यावर मूठभर गुलाल टाकलासुद्धा. मी गज सोडले. मला भिंतीवरच्या रेघा आठवत होत्या आणि आईचा राग येत होता, की कशाला आली इथे.

तेवढ्यात आतून आवाज आला. आईचा, पण मी तो कधी त्या खोलीएवढा मोठा ऐकला नव्हता.

"सायेब, छत्रीतला चौथा गठ्ठा उलटा लागलाय."

साहेबांनी वर बघितलं. आई भिंत सोडून टेबलाशी आली होती. तिने गठ्ठ्याला हात लावला नाही, लांबूनच बोट दाखवलं. कागद पातळ होते आणि शिक्क्याची जांभळी शाई मागे फुटली होती. छत्रीच्या पाच गठ्ठ्यांवर डाग वरच्या बाजूला. चौथ्यावर खाली. मला खिडकीतून दिसत नव्हतं, पण मला दिसायची गरज नव्हती. तिने तोंड फिरवून बसलेली पेंढी बघितली होती.

"गठ्ठा फिरवून ठेवला असेल, बाई," कारकून म्हणाला. "कागद तोच."

"मग सरळ करून दाखवा."

"प्रतिनिधीची सही झालीये," साहेब म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते, दमलेले होते. अजून सात गावं मोजायची होती. "सदतीस मतांचा फरक आहे, बाई. कशाला?"

तात्यांचा चेहरा काळवंडला. "सायेब, आमची काई तक्रार न्हाई," ते घाईने म्हणाले, आणि मग आईकडे न बघता, दात आवळून, "रुक्मिणे, इवायाच्या तोंडावर मोजनी करायलीस? सुमनला कुन्या तोंडानं नांदवायचं त्यांनी?"

ही भीती खरी होती. मी ती हसण्यावारी नेणार नाही. सुमनअक्का त्या घरात पाच वर्षं नांदत होती आणि तिच्या प्रत्येक सणाला तात्या हात जोडून जायचे.  आईने पदर थोडा मागे घेतला. तात्यांसमोर मी तिचं कपाळ पहिल्यांदा बघितलं.

"तात्या, सही तुमची हाय. मतं माझी हायेत." आणि साहेबांकडे वळून, "निकाल सांगायच्या आधी अर्ज देता येतो. लेखी. माझी लिहिनारी खिडकीत उभी हाय."

सगळ्यांनी खिडकीकडे बघितलं. माझ्याकडे कागद नव्हता. मागच्या माणसांपैकी कुणी देईना. शेवटी व्हरांड्यातल्या चहावाल्याने त्याच्या वहीचं पान फाडून दिलं, आणि मी ते गुडघ्यावर ठेवून माझ्या आयुष्यातला पहिला अर्ज लिहिला. "कारण, गठ्ठा क्रमांक चारवर शिक्क्याची शाई इतर गठ्ठ्यांच्या विरुद्ध बाजूस दिसते." पुढे मी शेकडो अर्ज लिहिले. कर्जाचे, परवान्यांचे, तक्रारींचे. तेवढं नेमकं वाक्य पुन्हा काही जमलं नाही. पान मी गजांतून आत दिलं. आईने त्यावर सही केली, प्रत्येक अक्षर सुटं, चौथीतलं.

साहेब कागद हातात धरून बसले. आणि मग बोलले ते शेषेराव. डोक्यावर गुलाल, भुवईवर गुलाल, अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. त्यांना नाही म्हणता आलं असतं. कदाचित त्यांच्याही मनात आलं असेल. पण बाहेर माणसं होती, आणि मोजायला भिला असं म्हणवून घेणारे ते नव्हते.

"मोजा, सायेब. आमाला काय भ्याव हाय?"

चौथा गठ्ठा सोडला. पहिला कागद कपबशीचा. दुसरा कपबशीचा. कारकुनाने दहापर्यंत मोठ्याने म्हटलं, मग त्याचा आवाज गेला आणि साहेबांनी स्वतः कागद हातात घेतले. पंचवीसच्या पंचवीस कपबशीचे. मग सगळे गठ्ठे सोडले, एकूण एक. या वेळी तात्या बघत होते. वाकून, नाक टेबलाला लागेल इतकं वाकून. छत्री एकशे सेहेचाळीस. कपबशी एकशे एकोणसाठ.

बाहेरचे फटाके अजून वाजतच होते. ते मधेच थांबवायचे कसे हे कुणाला कळेना. मी इतकी जोरात ओरडले की चहावाल्याच्या हातून किटली पडली, आणि त्याने माझ्याकडून पानाचे पैसे मागितले नाहीत पण किटलीचे शब्द ऐकवले. आत गुलालवाला पोरगा मूठ धरून उभा, टाकायचा कुणावर? बाईच्या अंगावर कसा टाकणार? तो तात्यांकडे वळला. तात्या मागे सरकले. "माझ्यावर कावून? निवडून ती आलीय." मग शेषेरावांनीच त्याच्या मुठीतून चिमूटभर गुलाल घेतला आणि आईच्या हातावर ठेवला. "घ्या, इहीनबाई. तुमी लावून घ्या." आईने तो कपाळाला लावला. कुंकवाच्या वर, मोठा.

आता मी वडवणीत बियाण्यांचं दुकान चालवते. गिऱ्हाईक माझ्यासमोर पाकिटं मोजून घेतं तेव्हा नवीन नोकराला राग येतो. मी त्याला म्हणते, मोजू दे. मोजल्यावरच त्याचं आणि आपलं बोलणं सरळ राहतं. ओढ्यावर नळ्या पडायला त्यानंतर दोन वर्षं लागली आणि पहिल्या नळ्या फुटक्या आल्या. आईने त्याही मोजून परत पाठवल्या. पण ते वेगळं.

त्या दिवशी पॅनलच्या जीपने आम्ही गावात शिरलो तेव्हा आई आमच्या दारात उतरली नाही. तिने जीप शेषेरावांच्या घराकडे घ्यायला लावली. तात्याही मागोमाग उतरले. कौसाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, मागे सुमनअक्का, तिच्या तोंडाचं पाणी पळालेलं. आईने जाऊन कौसाबाईंचे दोन्ही हात धरले. टीव्हीत हरणारे-जिंकणारे एकमेकांचा एकच हात धरून हलवत होते, तसं तिला जमलं नाही. कौसाबाईंनी हात सोडवले नाहीत, पण बोलायचं ते बोलल्याच.

"इहीनबाई, माझ्या घरचं मोजून घेतलंव म्हनं."

"मोजलं म्हनून तर तुमचे एकशे सेहेचाळीस पक्के झाले," आई म्हणाली.

"किती?"

"एकशे सेहेचाळीस."

कौसाबाई बघतच राहिल्या. त्यांना आधी कुणीतरी येऊन सांगितलं होतं, जिंकलीस. मग दुसरं कुणीतरी, पडलीस. आकडा कुणी सांगितलाच नव्हता. "एवढ्यांनी मला दिलं?" त्या म्हणाल्या आणि उंबऱ्यावरच बसल्या. "सुमन, च्या ठेव की ग. इहीन उभी हाय." सुमनअक्का आत पळाली. मी तिच्या मागे गेले, साखर किती टाकू म्हणून तिने मला तीनदा विचारलं आणि तीनदा टाकली. तात्यांनी तो चहा बशीत ओतून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

आमच्या दारात अण्णा आणि रशीदमामू उभे होते. बातमी त्यांना आमच्या आधी पोचली होती. अण्णांच्या हातात पेला नव्हता. मोजणी संपली होती, नियम संपला होता. ते कपबशीतून चहा पीत होते, भर रस्त्यात, सगळ्यांना दिसेल असं. गल्लीतल्या बाया आईभोवती जमल्या, हाजराखालाने तिच्या तोंडात साखर कोंबली. आईने ती गिळली आणि घरात पाऊल टाकायच्या आधी मामूंना हाक मारली.

"रशीदभाई, लाइट आल्ती का मग?"

"आल्ती ना भाबी. सहा वाजता."

"त्या निळ्या कोटवालीचं काय झालं?"

मामूंनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी बशीत बघितलं. मामूंना चांगल्या दिवशी वाईट सांगायचं नव्हतं. "हारली, भाबी," ते हळूच म्हणाले. "परत मोजलं, तरी सोळा वोटांनी."

आईच्या कपाळावरचा गुलाल घामाने नाकापर्यंत आला होता.

"पन मोजून घेतलं ना," ती म्हणाली आणि भिंतीवरच्या रेघा पुसायला आत गेली.